बेलभंडाराचा ठराव

आमच्या घरात कुणालाच एका जागी बसता येत नसे. आबा, म्हणजे माझे वडील, जेवायला बसले तरी एक गुडघा उभा, काठी हाताशी आणि अर्धं लक्ष वाड्याकडे. वाडा म्हटलं की कुणाला चिरेबंदी वाडा आठवेल, तर तसलं आमच्याकडे काही नव्हतं. बोरीबाभळीचे काटे रचून केलेला मेंढरांचा वाडा, घराच्या भिंतीला लागून. माय भाकरी थापता थापता उठून बाहेर डोकावायची, तोवर तव्यावरची करपायची, मग त्याचा दोष आबांना. मी अभ्यासाला बसले की चार ओळी वाचून अंगणात. "ह्या पोरीच्या पायाला भिंगरी हाय," असं माय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, जशी काही ती स्वतः मोठी ठाण मांडून बसणारी. आता माझी पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी हे लिहिताना मी किती वेळा उठले ते माझं मला ठाऊक. चहा ठेवायला उठले, चहा पिऊन झालाय हे विसरून पुन्हा उठले. ज्या दिवसांबद्दल लिहायचंय ते दिवसच तसे आहेत, माणसाला बसू देत नाहीत.

गाव पाटोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. नाव लिहीत नाही. मी ज्या सभा सांगणार आहे त्यांना बसलेले बरेच जण अजून हयात आहेत, मी लिंबागणेशहून दिवाळीला माहेरी जाते आणि मला तिथं सुखानं चहा प्यायचाय. घरात दोन चुली होत्या. एक आमची आणि एक नानांची, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची. दसरा झाला की नाना आणि शेवंताकाकू मुकादमाच्या गाडीत बसून ऊस तोडायला खाली साखर कारखान्यांकडे जायचे आणि पाडव्यानंतर कधीतरी परत यायचे. मधले सगळे महिने त्यांच्या चुलीवर मांजर झोपायचं. त्यांची सुमन माझ्याच वयाची. तिलाही सोबत न्यायचे, कारण धाकट्याला उसाच्या फडात सांभाळणार कोण? शाळा सुरू असायची तेव्हा ती फडावरच्या खोपीत, आणि सुट्टी लागली की गावात. पाटी मात्र ती नेमानं सोबत न्यायची. परत आली की मला विचारायची, "इंदे, कुठपर्यंत आलंय?" मी सांगायचे, ती मान हलवायची, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच.

आमचं पोट मेंढरांवर. सकाळी आबा वाड्याच्या तोंडावरचा काटेरी झाप बाजूला सारायचे आणि सगळा कळप अंगणातून निघायचा तेव्हा भिंतीवरची भांडी वाजायची. त्या आवाजाशिवाय मला अजूनही सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. आबांची हाक तोंडाच्या कोपऱ्यातून यायची, हर्र, हर्र, ट्र्याव, आणि पुढची मेंढी वळायची. मेंढीच्या दुधाचा दाट चहा, त्यात ज्वारीची शिळी भाकरी कुस्करून, हा आमचा नाश्ता. कळप दिवसभर डोंगरावर. रात्री ज्याच्या रानात बसवायचा तो शेतकरी आबांना धान्य द्यायचा, कारण मेंढरांची लेंडी पडली की रान पिकतं. नानांच्या तुकड्यात मात्र आबा कळप तसाच बसवायचे, सगळ्यात आधी. काकू थोरल्या दिरासमोर कधी बोलत नसे, आमच्यात तशी रीतच होती. ती पदर पुढं ओढून मायला म्हणायची, "दादांला म्हनावं, औंदा बी बसवा," आणि तिथंच दोन हातांवर बसलेले आबा मायला म्हणायचे, "तिला म्हनावं, बसवतो." माय दोघांचा निरोप्या. तिला त्याचा वैताग यायचा.

आमचे सरपंच अण्णा. मोठी जमीन, पांढरं धोतर, आवाज असा की देवळात बोलले तर चावडीवर कळावं. माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा म्हणाले नसते. त्यांनी डोक्यात घेतलेलं होतं की गावाला पाणी आणायचं. डोंगरावर चर खोदले, बांध घातले, झाडं लावली. पण बांधाला जे उगवायचं ते आमच्या आणि बाकीच्यांच्या शेरडांमेंढरांच्या पोटात जायचं. ग्रामसभेत कुऱ्हाडबंदीचा ठराव झाला होता, सगळ्यांनी हात वर केले होते आणि त्याच आठवड्यात बाभळी तुटल्या होत्या. अण्णा त्यावर भारी चिडायचे. "हात वर करायला ह्यांच्या बापाचं काय जातंय!" म्हणायचे. कायदा सरकारनं केला तर लोक पोलिसाला घाबरतात, पण गावानं स्वतःच केलेल्या कायद्याला घाबरायचं कुणाला, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न खरा होता. त्यांनी त्याला जे उत्तर शोधलं तिथं घोटाळा झाला.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला आणि सभा खंडोबाच्या देवळासमोर भरली. विषय चराईबंदीचा. डोंगरावर एकही जनावर न्यायचं नाही. आम्ही पोरी देवळाच्या ओट्यावर लाडू खात बसलो होतो. अण्णांनी हात वर करायला सांगितलंच नाही. पुजाऱ्यानं ताट आणलं, त्यात बेलाची पानं आणि वर भंडाऱ्याची पिवळी रास. "ज्याला मान्य त्यानं बेलभंडार उचलावा. देवाच्या साक्षीनं. मग पाहू कोण मोडतंय," असं अण्णा म्हणाले. ताट फिरू लागलं. एकेक माणूस भंडारा चिमटीत घ्यायचा, कपाळाला लावायचा, पुढं सरकवायचा. ताट आबांसमोर आलं तेव्हा सगळी सभा त्यांच्याकडे बघत होती. आमच्या जातीत खंडोबाच्या भंडाऱ्याला नाही म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही. हात वर करायचा असता तर आबांनी तो मांडीखाली दाबून ठेवला असता, अण्णांच्या तोंडावर. पण ताट होतं. त्यांनी भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि उठून चालायला लागले. लाडू माझ्या हातात तसाच राहिला. घरी येऊन माय एवढंच म्हणाली, "कितीक दिसांची बंदी हाय?" आबा म्हणाले, "ते कुनी बोललंच न्हाई."

कुणीच बोललं नव्हतं. बंदी कधी संपणार, मोडायची झाली तर कशी, गवत वाढलं तर त्याचं काय, यातलं एक अक्षर ठरावात नव्हतं. शपथ तेवढी होती. आज मी अंगणवाडीत काम करते, ग्रामसभांना बसावं लागतं, आणि माहेरच्या गावचा व्हॉट्सअॅप ग्रुपही आहे. तिथं कुणी काही टाकलं की धडाधड अंगठे येतात. रस्ता कुठून न्यायचा, जत्रेला तमाशा की कीर्तन, सगळ्यावर अंगठे. ते अंगठे दिसले की मी फोन पालथा ठेवून उठते. कारण मी एका चिमूटभर भंडाऱ्यानं आमचं घर रिकामं होताना पाहिलंय.

डोंगर बंद झाला म्हणजे आबांना कळप घेऊन लांब जावं लागलं. कधी आष्टीच्या पलीकडे, कधी त्याहून खाली. महिना महिना पत्ता नाही. यायचे तेव्हा दाढी वाढलेली, पायाला भेगा, आणि कळप दर खेपेला लहान दिसायचा. परक्या रानात कुणी उभं राहू देत नसे, काही मेंढरं आजारानं गेली, काही विकावी लागली. घरात मी आणि माय. वाड्यात काटे होते आणि आत काहीच नव्हतं. सकाळी भांडी वाजायची नाहीत. मायची चिडचिड वाढली, माझी शाळेत बाईंशी भांडणं वाढली. मायचा भाऊ येऊन म्हणून गेला, मेंढरं विका, जोडीनं कोयता घ्या, उसाला चला, पोरगी बी कामाला ईल. मी दारामागून ऐकलं. मला सुमनची पाटी आठवली. मेंढरं गेली की माझी शाळा गेली, एवढं मला स्पष्ट कळत होतं. त्यामुळे मेंढरांवर माझं जे प्रेम होतं त्यात माझा स्वार्थ पुरेपूर होता.

आणि इकडे डोंगर हिरवा होत चालला. हे खोटं सांगून चालणार नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर डोंगरावर कमरेएवढं गवत उभं राहिलं, मारवेल, पवन्या, कुसळी. वारा आला की सगळा उतार एका बाजूला कलायचा. विहिरींचं पाणी वर आलं. लोक विहिरीत वाकून बघायचे आणि बघतच राहायचे. पण गवत पिकलं, वाळलं, कुसळं गळली, आणि कुणी हात लावायला धजेना. अण्णांच्या स्वतःच्या म्हशींना पाटोद्याहून कडबा विकत आणावा लागत होता आणि दारातून डोंगरभर चारा दिसत होता. आबा एकदा घरी आले होते तेव्हा संध्याकाळी अंगणात उभं राहून डोंगराकडे बघत होते. उभं म्हणजे काय, या पायावरून त्या पायावर. "सोन्यासारखं वाळतंय," म्हणाले आणि आत येऊन न जेवताच पडले.

पुढच्या सव्वीस जानेवारीच्या सभेत शेवटी विषय निघाला. अण्णांनीच काढला, म्हशी त्यांच्याच होत्या ना. डोंगर थोडा उघडायचा का? देवळामागं कोंबडी कचऱ्यात उकरत होती ती ऐकू येत होती. उघडावा असं निम्म्यांना वाटत होतं, उघडू नये असं निम्म्यांना. पण बोलणार कोण? ज्यानं भंडार उचलला त्यानं 'उघडा' म्हणायचं म्हणजे शपथ मोडायची. घरात पोरंबाळं आहेत, गुरंढोरं आहेत. कायदा आपणच केलेला आणि आपल्यालाच तो हलवता येईना. अण्णा पुजाऱ्याकडे बघत होते, पुजारी देवाकडे. तेव्हा आबा उठले. सभेत ते कधी बोलत नसत. टोपी काढली, परत घातली.

"भंडार कुनी उचलला?" आबांनी विचारलं.

"गावानं उचलला," अण्णा म्हणाले.

"गावानं न्हाई उचलला. माघात निम्मं गाव उसाला गेलतं. त्यांला कुनी ताट दावलं? माझा सख्खा भाऊ न्हवता हितं. डोंगर त्यांचा बी हाय का न्हाई?"

"मग काय म्हनतोस तू?"

"त्यांच्यावर शपथ न्हाई. त्यांला येऊ द्या. उघडायचा का झाकायचा ते त्यांला सांगू द्या. आमी भंडार उचललेल्यांनी तोंड मिटून बसायचं."

मागून कुणीतरी हसलं. "उसतोड्यांनी गावचा कायदा करायचा व्हय बे?" आबा त्याच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. अण्णा मात्र मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "एक मेच्या सभेला." हळूच एक म्हातारी बोलली की मधल्या काळात लग्न होऊन आलेल्या सुनांनीही भंडार उचललेला नाही. तेही मान्य झालं. म्हणजे गावात ज्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, नेमक्या त्यांच्याच हातात डोंगर गेला.

मला त्या रात्री इतका आनंद झाला होता की झोप येईना. सरळ हिशोब होता. उसाला जाणारे बहुतेक सगळे आमच्यासारखेच, कुणाकडे दोन शेरडं, कुणाकडे चार. आणि काकू तर घरचीच. आबांनी पुन्हा मेंढरं डोंगरावर न्यायची, भांडी वाजायची, मी शाळेत जायची. माय मात्र पाडव्यापासून आबांच्या मागं लागली. "शेवंता आली की तिला सांगा काय बोलायचं ते. तिचं ऐकतेत त्या बाया." आबा म्हणायचे, "म्या कावून सांगू?" माय म्हणायची, "मग मी सांगते." आबा म्हणायचे, "तू बी न्हाई सांगायचं." माय ताट आपटायची. मी बाहेर जाऊन रस्त्यावर गाडी दिसते का बघायची. त्या दिवसांत मी घरातून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून घरापर्यंत एवढी हिंडले की चपलेचा अंगठा तुटला.

गाड्या आल्या त्या दिवसाची गंमत सांगितलीच पाहिजे. दर वर्षी ट्रॅक्टर थांबायचा, माणसं आपापली गाठोडी उतरवून घराकडे जायची, कुणी ढुंकून बघत नसे. त्या वर्षी अण्णांनी वेशीवर चहाचं पातेलं चढवलं होतं. दोन्ही बाजूंची माणसं झाडून हजर. एक जण बायांना सांगतोय डोंगर उघडा, दुसरा म्हणतोय झाका, तिसरा नुसताच त्यांची गाठोडी उचलतोय. बाया घाबरून एकमेकींकडे बघत होत्या. सुमन माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "काय गं, कुनी मेलंय का गावात?" ती त्या सहा महिन्यांत उंच झाली होती. तिच्या दोन्ही तळहातांवर उसाच्या पाचटाचे चिरे होते, जुन्यावर नवे. तिनं या वेळी कुठपर्यंत आलंय असं विचारलं नाही. पाटीही दिसली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "फुटली."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तोंड धुवायला बाहेर आले तर शेवंताकाकू त्यांच्या तुकड्यातल्या विहिरीवर ओणवी होऊन आत बघत होती. उन्हाळ्यात त्या विहिरीचा तळ दिसायचा, आम्ही लहानपणी आत उतरून खेळायचो. त्या वर्षी पाणी होतं. काकूनं खडा टाकला. आवाज आला, ती थांबली, आणखी एक टाकला. मला बघून हसली आणि म्हणाली, "खरंच हाय की गं." मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

एक मेला देवळासमोर मांडव घातला होता, कारण गर्दी मावणार नव्हती. भंडार उचललेले एका बाजूला, ऊन लागत होतं त्या बाजूला, तोंड मिटून. त्यात अण्णा, त्यात आबा. दुसऱ्या बाजूला सावलीत उसावरून आलेले आणि नव्या सुना. मी आणि सुमन मध्ये ओट्यावर. माझा पाय सारखा हलत होता, सुमननं तो हातानं दाबून धरला. पुरुषांपैकी एकदोघे बोलले, घोळ घालून बसले. नाना उठले आणि 'आमाला काय, गाव म्हनंल तसं' म्हणून खाली बसले. मग काकू उठली. पदर कपाळाच्या खाली ओढलेला, समोर थोरले दीर बसलेले, त्यामुळे ती अर्धी पाठमोरी उभी राहून देवाकडे तोंड करून बोलली.

"मेंढरं माझ्या घरची हायती. त्यांच्या लेंडीवर माझं रान पिकतंय, म्या न्हाई म्हननार न्हाई. पर आमी उसाला हौस म्हनून जात न्हाई. हिरीला पानी नसतंय म्हनून जातो. औंदा आले तर माझ्या हिरीत पानी हाय. लगीन होऊन आल्यापास्नं पयल्यांदा. गहू व्हईल, कांदा व्हईल, आमी जानार न्हाई. माझी पोरगी खोपीत म्हातारी व्हायला लागलीय. डोंगर उघडला तर ते पानी जाईल. डोंगर झाकलेलाच राहू द्या."

ती थांबली. मला वाटलं संपलं.

"पर गवत वाळून जातंय ते पाप हाय," ती पुढं म्हणाली. "जनावर वर जायचं न्हाई. मानूस इळा घेऊन जाईल, कापील, डोईवर आनील. घरटी एक भारा. मेंढरावाल्याला दोन." आणि तिनं हात वर केला. पदरातून बाहेर आलेला तो हात मला अजून दिसतो, कोयत्याचे घट्टे पडलेला. मग तिच्यामागं एकेक हात वर गेला, बायांचे आधी, पुरुषांचे नंतर. खाली राहिलेले हात थोडे होते. अण्णांनी मोठ्यानं 'मंजूर' म्हटलं आणि त्यांच्या म्हशींचा प्रश्न सुटल्यामुळे त्यांचा चेहरा फुलला. सुमननं माझा पाय सोडला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मला तिचा राग आला. काकूचा तर इतका आला की मी तिथून पळत घरी आले आणि त्यांच्या चुलीतली राख पायानं उधळली.

भाऱ्यावर शेरडं जगतात. मेंढी जगत नाही. मेंढीला चालायला लागतं, ती चालत चालत खाते, बांधून ठेवली की कुढते. हे काकूला माहीत होतं, आबांना माहीत होतं, सगळ्या घराला माहीत होतं. त्या दुपारी काकूनं हुलग्याचे शेंगोळे केले. लसणाचा वास साऱ्या अंगणात. आबांना शेंगोळे फार आवडायचे. तिनं पातेलं आमच्या चुलीजवळ आणून ठेवलं. माय तोंड फिरवून भाकरी थापत होती, इतक्या जोरात की परात सरकत होती. कुणी वाढेना. आबा त्या दिवशीही गुडघा उभा करून बसले होते. ते एकदम काकूकडे बघून म्हणाले, मायला निरोप न देता, थेट, "कावून गप हायस, शेवंता? वाढ."

काकू हलली नाही. पदरातून म्हणाली, "दादा, तुमचं नुसकान केलं म्या."

"केलंस," आबा म्हणाले.

माय उसळली. "तुमीच तिला बोलायचं दिलंत! सारा गाव तोंड मिटून बसला आसता, कायतरी मार्ग निघाला आसता. तुमीच म्हनलात, त्यांला बोलू द्या!"

"बोला म्हनलं," आबा म्हणाले. "म्या म्हनंल तेच बोला, असं कुठं म्हनलं?" आणि ताट पुढं सरकवलं. काकूनं वाढलं. रस्सा ताटाबाहेर सांडला. आबा दोनदा मागून जेवले. मी जेवले नाही. मला ते न्याय्य वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण वाटत नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणजे कुणाचं काही गेलं नाही, असं थोडंच आहे? सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळल्या जातात, तेव्हा एखादं घर त्यातच गुंडाळलं गेलेलं असतं. पण मग मी सुमनचे तळहात आठवते आणि गप्प बसते. पुन्हा थोड्या वेळानं चडफडते. हे माझं असंच चाललंय.

आबांनी मेंढरं खाटकाला दिली नाहीत. आष्टीकडचा एक ओळखीचा मेंढपाळ होता, त्याच्या कळपात सोडली. सकाळी झाप बाजूला केला, कळप अंगणातून गेला, भिंतीवरची भांडी वाजली. माय आत गेली आणि तिनं सगळी भांडी खाली उतरवून ठेवली. ती परत भिंतीवर कधी लावली नाहीत. शेरडं ठेवली, भाऱ्यावर पोसली. काकू आमच्या वाट्याचे दोन्ही भारे स्वतः कापून आणायची, कितीही नको म्हटलं तरी. त्यांच्या रानात गहू झाला. दसरा आला, मुकादम आला, आणि नाना गाडीत बसले नाहीत. सुमन शाळेत माझ्याहून खालच्या वर्गात येऊन बसली, तिथल्या पोरांपेक्षा मोठी, गुडघे बाकाला लागायचे. आणि मला कुणी कोयता घ्यायला सांगितलं नाही. शेरडांच्या दुधावर आणि नानांच्या विहिरीच्या पाण्यावर माझी शाळा झाली. मी ज्याला घाबरले होते ते घडलंच नाही. घडलं ते आबांच्या बाबतीत.

त्यांचा दिवस जाईना. सकाळी उठून काठी घ्यायचे, अंगणात यायचे, वाड्याचा झाप बाजूला करायचे आणि मग आठवायचं. दिवसभर घर ते वेस, वेस ते घर. माय म्हणायची, "बसा की जरा!" शेवटी अण्णांनीच सभेत सुचवलं, डोंगराला राखण्या लागतो, बाहेरचे कळप घुसतात. कुणाला नेमायचं? कुणीतरी आबांचं नाव घेतलं. मला वाटलं हा अपमान आहे, आता आबा उठून जातील. आबा म्हणाले, "चालायला मिळंल ना?" त्या दिवसापासून ते डोंगरावर हिंडू लागले, पहिल्यासारखेच, मागं एकही मेंढी नसताना. कधी कधी खालून ऐकू यायचं, हर्र, हर्र, ट्र्याव. त्यांचं त्यांना कळत नसावं. एक नियम मात्र त्यांनी गावाकडून कायमचा करून घेतला. ऊसतोडीला गेलेले परत आल्याशिवाय मोठा ठराव घ्यायचा नाही. तो आजही पाळतात. परवा डोंगरावर पवनचक्क्या उभ्या करण्याचा विषय आला होता, कंपनीचे लोक घाईत होते. ग्रुपवर अंगठे यायला लागले तर सुमननं लिहिलं, "उसावाले येऊ द्या." अंगठे थांबले.

माझं लग्न झालं, लिंबागणेशला आले, लेकरं झाली. एकदा उन्हाळ्यात माहेरी गेले होते. दुपारी आबांची भाकरी घेऊन डोंगरावर गेले. आबा आता वाकले होते. खालच्या अंगाला धूळ दिसली, कळप येत होता. आष्टीकडचा होता कुणी, तरणा, पाय पांढरे झालेले, मेंढरांच्या जिभा बाहेर. त्यानं गवत पाहिलं आणि कळप सरळ वर घातला. आबा काठी आडवी धरून समोर उभे राहिले. "हितं न्हाई," म्हणाले. तो विनवण्या करू लागला. गडी आपल्याच जातीचा म्हणून सोयरिकी सांगू लागला. आबा हलले नाहीत. "गावचा कायदा हाय," एवढंच.

पोरगा संतापला. "मेंढरं मरायला लागली अन् गवत वाळवायचा कायदा! कुन्या गाढवानं केला हा कायदा?"

"म्या केला," आबा म्हणाले.

आबांनी काठीनं त्याला खालची वाट दाखवली आणि स्वतः पुढं झाले. कळप नानांच्या विहिरीवर नेला. काकूनं मोटार चालू केली, डोणी भरल्या, घरातला राखलेला भारा आणून टाकला. मेंढरं तुटून पडली. मी भाकरीचं फडकं हातात घेऊन बांधावर उभी होते. आबा त्या गर्दीत मधोमध गेले, दोन्ही हात मेंढरांच्या पाठीवरच्या लोकरीत खुपसले आणि तसेच राहिले. मेंढरं पाणी पिऊन झाली, पोरानं हाक दिली, कळप हलायला लागला, तरी ते हलेनात. त्यांची काठी खाली पडली होती. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या बापाला एका जागी उभं राहिलेलं पाहिलं.